गुलाबाईला ताप

त्या साली सुरतेचे उंदीर तिकीट काढून गाडीत बसले आणि भुसावळकडे निघून गेले, हे मी स्वतः पाहिलंय. पुढे म्हातारा उंदीर, मागे त्याची बायको, तिच्यामागे पोरांची रांग, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. टीसीने त्यांना आत बसायला जागा दिली, कारण माणसं आधीच टपावर जाऊन बसली होती.

माझी नात हर्षदा म्हणते, "आजी, तू तेव्हा स्टेशनवर गेलीच नव्हतीस."

नव्हते गेले. पण उंदीर मेले नाहीत ते गेले कुठे मग? चालत गेले असतील का भुसावळपर्यंत?

ते राहू द्या. आता सांगते ते मात्र खरं. ज्याला पटणार नाही त्याने आमच्या सुनेला विचारावं. उज्ज्वलाला खोटं बोलता येत नाही. जमतच नाही तिला. आणि ते जमत नाही म्हणूनच ती वाचली.

चौऱ्याण्णव साल. गणपती नुकतेच तापीत गेले होते आणि लगेच ओरड झाली, सुरतेत प्लेग आलाय. आम्ही तेव्हा पर्वत पाटियाच्या अलीकडे चाळीत राहायचो. माझा मुलगा योगराज लूमच्या कारखान्यात मास्तर, आणि सून मोठ्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. योगराज नेमका तेव्हा बापाचं पितर घालायला पारोळ्याला गेलेला. त्याचा बाप सुकदेव जिवंत असताना कधी वेळेवर जेवायला आला नाही, आणि मेल्यावर त्याच्या ताटापायी पोरगा तिकडे अडकला. सुरतेकडे यायच्या एसट्याच बंद झाल्या.

खाली छगनभाईच्या किराणा दुकानात त्याचा फोन आला.

"आई, मी येतो."

"कशावर येतोस?"

"चालत येतो. नवापूरवरून."

"आलास तर तंगडी मोडून हातात देईन. तिथेच राहा, बापाला वाढ, उरेल ते खा. आम्ही तिघी धडधाकट आहोत."

चाळ अर्धी रिकामी झाली होती. दारोदार कुलपं. कडोदऱ्यापर्यंत एक लूम चालत नव्हता. एरवी त्या खटखटाटाला शिव्या घालणारे आम्ही, पण तो थांबला तर कोणाला झोप येईना. रस्त्यावर सरकारने पांढरी पावडर टाकलेली, तिच्या वासाने शेजारच्या उषाबाईची मांजर रुसून बसली होती.

उज्ज्वला घरी यायची ती सरळ मोरीत जायची. साडी उकळत्या पाण्यात, अंगावर डेटॉलचं पाणी, मग घरात. नाकावर मास्कच्या पट्टीचा वळ असा पडलेला, जणू कोणी बैलाला वेसण घातलीय. हर्षदा धावत गेली की ती हात पुढे करून म्हणायची, "तिथूनच बोल गं, राणी." घास हातात आणि डोळे मिटलेले, अशी जेवायची. मी म्हणायचे, "भाकरी तोंडात घाल, कानात चाललीय." तर म्हणायची, "हं."

दवाखान्यात काय चाललंय ते तिच्याकडून तुकड्या-तुकड्याने कळायचं. बाहेरचे दवाखाने बंद, म्हणून सगळा लोंढा त्यांच्याकडे. पेशंट भिंतीवरून उड्या मारून पळतात. एका पेशंटच्या मागे डॉक्टर स्लीपर घालून रस्त्यापर्यंत धावले, त्याला धरून आणलं, आणि मग दोघं एकाच बाकावर बसून धापा टाकत होते. आयाबाया एकेक करून घरी निघून चालल्या. एका सिस्टरने तीन माणसांचं काम करायचं.

आणि असं दिवसभर खपून ती चाळीत शिरली की उषाबाई धाडकन खिडकी लावायची. नळावर आमची बादली आली की बाकीच्या बादल्या आपोआप मागे सरकायच्या. मी एकदा मोठ्याने म्हणलं, "बादल्यांना पाय फुटलेत गं हर्षदा, बघ." कोणी हसलं नाही.

तर एका दुपारी ड्यूटी करून आलेली उज्ज्वला जेवली आणि नुसतं पाणी पिऊन उठली. एरवी जेवणानंतर ती लाल-पिवळी गोळी घ्यायची. टेट्रासायक्लीन. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी ती घ्यायचीच, नाहीतर पेशंटचा रोग आपल्याला, असं तिनेच मला समजावलं होतं.

"गोळी?"

"घेतली तिकडेच."

मी बघितलं तिच्याकडे. ती भिंतीवरच्या पालीकडे बघत होती.

"पाल काय बघतेस? माझ्याकडे बघून बोल."

"दिली, आई. कमलला दिली." कमल म्हणजे तिच्या वॉर्डातली आया. "पेशंट तिच्या तोंडावर खोकला. वॉर्डात ती एकच आया उरलीय. म्हणाली, सिस्टर, मला पण पोरं आहेत, गोळी नसेल तर मी चालले. मग काय करू?"

"आणि तू काय खाशील? फुटाणे?"

"स्टोअरमधल्या संपल्यात. अहमदाबादहून गाडी निघालीय म्हणतात."

"पोचणार कधी?"

"निघालीय म्हणतात."

"तुझा सासरा पण बाजारातून निघालोय म्हणायचा."

ती हसली नाही. "संध्याकाळी परत जायचंय," म्हणाली आणि बसल्या जागी झोपली. मी तिच्या अंगावर चादर टाकली. ही पोरगी धुळ्याची. आई-बाप तिकडे, नवरा पारोळ्याला, आणि ही रोज त्या खोकल्यात जाते, तोंडाला एक फडकं बांधून. आता गोळी पण नाही.

मी पदर खोचला आणि बाहेर पडले.

छगनभाई म्हणाला, "बा, स्टॉक नथी. मेडिकल पण बंद छे." हे म्हणताना तो गल्ल्यावर असा आडवा झाला, जसा आत त्याचा सासरा लपवलाय.

उषाबाईने दार बोटभर उघडलं. "नही वं माय, एकबी नही. मना गळानी आन."

वरच्या खोलीतला सुकलाल, लूमवरचा मुकादम, छाती काढून म्हणाला, "मावशी, आपल्याला गोळीची गरजच काय? आपण खानदेशी, आपण रोज कांदा खातो." आणि बोलताना त्याचा हात शर्टाच्या खिशावर.

आता मला माहीत नव्हतं का? पहिल्या दिवशी मेडिकलवर जी झोंबाझोंबी झाली, तिच्यात उषाबाईची बांगडी फुटली होती आणि सुकलालच्या सदऱ्याची बाही उसवली होती. दोघं परत आले ते "काहीच मिळालं नाही" म्हणत. छगनभाई पण तेच. चाळीत प्रत्येकाने प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलेलं. आता एकदा गळ्याची आण घेतल्यावर गोळी काढायची कुठून? पदरातून काढली की अब्रू बाहेर आलीच तिच्यासोबत. भीती रोगाची होती तेवढीच एकमेकांची होती.

घरी आले तर हर्षदा कोपऱ्यात मुसमुसत होती.

"आता तुला काय झालं?"

"आज आपला खाऊ आहे आणि कोणीच येणार नाही."

मी विसरलेच होते. गुलाबाई बसलेली होती ना घरात! आमच्या खानदेशात भाद्रपदाच्या पुनवेला मातीची गुलाबाई आणि तिचा गुलोजी बसवतात. ती महिनाभर माहेरपणाला येते, कोजागिरीला जाते. पोरी रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि मग ज्या घरची पाळी, त्या घरचा खाऊ डब्यात झाकून आणतात. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मोठी माणसं पण दाराआडून कान लावून असतात. आमच्या चाळीत सगळ्यांची मिळून एकच गुलाबाई, ती आमच्या घरात.

मी गुलाबाईकडे बघितलं. गुलाबाईने माझ्याकडे बघितलं. तिने डोळा मारला असं मी म्हणणार नाही, पण गुलोजी जरा लाजल्यासारखा दिसला.

"हर्षदा," मी म्हणलं, "रडू नको. तुझी गुलाबाई आजारी आहे."

"काय झालं तिला?"

"ताप."

मी गुलाबाईला उचललं आणि स्टोव्हच्या जवळ ठेवलं. चहा उकळेपर्यंत तिचं कपाळ असं तापलं की हात लावला तर चटका. गालावरचा रंग पण जरा ओघळला, त्यामुळे ती खरंच फणफणलेली दिसायला लागली. मग पांढऱ्या फडक्याची पट्टी फाडून तिच्या तोंडाला बांधली. गुलोजीला म्हणलं, "तू दूर बस. संसर्ग आहे." त्याला दुसऱ्या पाटावर सरकवलं.

आणि गॅलरीत जाऊन बोंब ठोकली. "अगं बाया, धावा! गुलाबाईला ताप आला!"

दारं उघडली. सगळी आपापल्या उंबऱ्यावर, तोंडाला पदर, रुमाल. पुढे यायची हिंमत कोणाला नव्हती, पण मूर्ती बघायची तर होती. मी पाट उचलून दारोदार नेला. उषाबाईने बोटाचं टोक लावलं आणि हात मागे ओढला.

"माय वं! खरंच तापलीय!"

सुकलाल म्हणाला, "मातीला कुठे ताप येतो, मावशी?"

"तू लावून बघ."

त्याने लावला. मग दोन्ही हात त्याने लेंग्याला पुसले.

"माझ्या आजीच्या काळात," मी सुरू केलं, "बहादरपूरला मरी आली होती, तेव्हा गुलाबाईला अस्साच ताप आला. लोकांनी तिच्यापुढे बुंदीचे लाडू ठेवले. लेकच ती, तापलेल्या तोंडाला लाडू दिला तर राग येणार नाही? तिने लाडू असा फेकला, असा फेकला, की तो अमळनेरला जाऊन पडला आणि तिथल्या फौजदाराचा दात पडला. फौजदार तपासाला आला. लाडू हातात घेऊन गावभर विचारत फिरला, हा कोणाचा? शेवटी एका शहाण्या बाईने डब्यात खाऊ म्हणून औषध ठेवलं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि मरी गाव सोडून पळाली. फौजदारासोबतच गेली, म्हणतात."

कोणीतरी खुदकन हसलं. कितीतरी दिवसांनी चाळीत कोणी हसलं होतं.

"तर आता ऐका. ही काही माझ्या एकटीची लेक नाही. चाळीची लेक आहे, माहेराला आलीय. लेक तापाने पडली तर तिच्यापुढे चिवडा ठेवणार का? आज खाऊ सगळ्या चाळीचा. डबा एकच. मी झाकण लावून, वर फडकं बांधून दारात ठेवणार. ज्याने त्याने आत न्यायचा, दार लावायचं, टाकायचं ते टाकायचं, फडकं परत बांधायचं. कोणी काय टाकलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही. जो विचारेल त्याच्या घरी गुलाबाई वर्षभर मुक्काम करील, आणि ती लाडू फेकते हे आत्ताच सांगितलं."

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. डबा झाकलेला, दार लावलेलं. कोणाची अब्रू कुठेच दिसणार नव्हती.

"आणि औषध नसेल घरात तर?" छगनभाईने खालून विचारलं.

"तर शेंगदाणे टाक. गुलाबाई समजून घेईल. ती गुजरातीत पण समजते."

डबा निघाला. मी पाटावर गुलाबाई घेऊन गॅलरीत बसले आणि कान उघडे ठेवले. उषाबाईच्या दाराआड डब्यांचा एवढा खडखडाट झाला, जसा दिवाळीचा फराळ सुरू आहे. सुकलालच्या खोलीत खाट ओढल्याचा आवाज आला. छगनभाईने दुकानाचं शटर अर्धं पाडलं आणि परत वर केलं. डबा परत आला तेव्हा तो उचलताना मला दोन्ही हात लागले. खोटं नाही, एक हात कमरेवर होता तोसुद्धा लावावा लागला.

मग पोरी लांब लांब उभ्या राहिल्या. हर्षदाने गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी रुमालाआडून साथ दिली. आणि खाऊ ओळखायची वेळ आली. हर्षदाने डबा हलवला.

खुळखुळ, खुळखुळ.

"शेंगदाणे!"

"नाही."

"फुटाणे!"

"नाही."

"साबुदाण्याची गोळी!" सुकलाल वरून मोठ्याने ओरडला. पोरी हसल्या. गोळी म्हणून बसलो हे लक्षात आल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जशी चोरी पकडली गेलीय.

या सगळ्या दंग्याने उज्ज्वला उठून दारात आली. केस विस्कटलेले, डोळे चुरगळलेले. "काय चाललंय, आई?"

"तूच ओळख."

तिने डबा कानापाशी नेला, हलवला. पुन्हा हलवला. चेहऱ्यावरची झोप गेली. दिवसभर गोळ्या वाटणारी बाई, तिला तो आवाज कळणार नाही?

"औषध," ती हळू म्हणाली.

झाकण उघडलं. काय सांगू! पाकिटं, पट्ट्या, कागदाच्या पुड्या, एक तपकिरीची डबी, एका मोज्यात बांधलेल्या गोळ्या. सगळी चाळ उंबऱ्यावरून वाकून बघत होती आणि प्रत्येकजण नवल करत होता.

"अगं बाई! कोणी टाकल्या असतील?"

"कोण जाणे! माझ्याकडे तर एक पण नव्हती."

"माझ्याकडे पण नव्हती!"

"चमत्कार छे," छगनभाई म्हणाला.

उज्ज्वला खाली बसली आणि निवडायला लागली. एकीचा वास घेतला. "हिला हिंगाचा वास येतोय."

उषाबाई पदर तोंडावर ओढत म्हणाली, "गुलाबाईने हिंग खाल्लं असेल."

उज्ज्वला निवडत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. "ही नाही... ही ताकदीची आहे. ही सर्दीची. ही अ‍ॅसिडिटीची." मेडिकलवाल्याने गर्दीत हाताला लागेल ते विकलं होतं आणि घेणाऱ्यांनी गोळी म्हणजे गोळी म्हणून घेतलं होतं. मग तिने तो मोजा झटकला, आतली पट्टी उजेडात धरून वाचली. "आणि ही तर जुलाबाची."

वरून सुकलाल ओरडला, "काय?"

"जुलाबाची, भाऊ. पोट साफ व्हायची."

"मंग मी इतला दिन खादं काय?"

सगळी चाळ त्याच्याकडे बघायला लागली. तो मात्र थांबायच्या मनःस्थितीत नव्हता. "रोज! सकाळ-संध्याकाळ! मी समजलो मला प्लेगच झाला! माझं पोट... मी बायकोला निरोप पण पाठवला, की मी काही वाचत नाही!"

"म्हणून तू रोज संडासच्या रांगेत पहिला," उषाबाई म्हणाली. "आम्ही समजलो, हा पहाटे उठून देवाचं करतो."

मी सांगते, त्या हसण्याने गॅलरीचा कठडा हलला. सुकलाल स्वतः पायरीवर बसून पोट धरून हसला, आणि मग घाईघाईने उठून खालीच गेला.

पण उज्ज्वला हसली नव्हती. तिच्यापुढे खऱ्या गोळ्यांचा ढीग होता आणि तो लहान होता. तिने तो रुमालात बांधला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "तुमच्या घरात कोणी आजारी नाही. तुम्हाला ह्या खायची गरज नाही. ताप आला, खोकला आला, तर लपवू नका, मला सांगा. वॉर्डात ह्या गाडी येईपर्यंत पुरतील."

उषाबाईने खिडकी लावली नाही, एवढं मी बघितलं.

ड्यूटीची वेळ झाली. उज्ज्वलाने पिशवी घेतली. मी दारात उभी.

"गोळी घेतल्याशिवाय हलायचं नाही."

"घेते ना." तिने रुमालातून एक काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायली. "झालं."

"जीभ दाखव."

"आई, मी काय पेशंट आहे?"

"दाखव."

तिने जीभ दाखवली. गोळी नव्हती. पण तोंड मिटलं ते असं मिटलं की ओठ जरा जास्तच घट्ट. आणि ती परत पालीकडे बघायला लागली.

तेव्हा मला कळलं. तिनेच सांगितलं होतं ना, पेशंट गोळी गालाआड ठेवतात आणि सिस्टर गेली की थुंकतात. शिकली बया त्यांच्याकडूनच. ती गोळी वाचवून कमलला देणार होती. रागावून काही झालं नसतं. ती माझ्यापेक्षा हट्टी आहे. मी उंबऱ्यावर बसले, म्हणजे तिला बाहेर जाता येईना.

"जाशील गं. तुझ्या सासऱ्याची एक गोष्ट ऐकून जा."

"उं उं," ती म्हणाली. तोंड उघडायला तयार नाही.

"तो एकदा पारोळ्याच्या बाजारात मिरचीच्या ढिगापुढे उभा होता. भाव करत होता. आणि त्याला शिंक आली. अशी शिंक, की बाजारातली गाढवं बसली. आणि त्या शिंकेने त्याचं धोतर सुटलं. सुटलं ते खाली नाही पडलं. उडालं! वर गेलं, वाऱ्याला लागलं, आणि शेजारच्या गल्लीत लग्नाचा मांडव होता, तिथे जाऊन बरोबर नवरा-नवरीच्या मधे पडलं."

उज्ज्वलाचे गाल फुगायला लागले.

"मामा लोक समजले, अंतरपाट आला. त्यांनी दोन्ही टोकं धरली. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. इकडे तुझा सासरा मिरचीच्या ढिगामागे उकिडवा. उठता येईना. एकेक मंगलाष्टक लांबतंय, आणि खाली मिरची..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाकातून आवाज आला.

"शेवटी सावधान झालं तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या कोणी वाजवल्या असतील? ढिगामागून! आणि त्या जोडप्याचा पहिला पोरगा जन्मला तो रडला नाही. शिंकला."

फुर्रर्र! हसली एकदाची! पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली, आणि ती लाल-पिवळी गोळी टुणकन उडाली ती थेट गुलाबाईच्या पाटावर. हर्षदा ओरडली, "आजी, आईने पण फेकली!"

उज्ज्वला हसता हसता रडायला लागली. आवाज न करता. मी तिला रडू दिलं.

"आई, कमी आहेत गं. उद्या कमलला पुरणार नाहीत."

"आणि तू पडलीस तर कमलला देणार कोण? ते स्लीपर घालून पळणारे डॉक्टर देणार?"

मी गोळी पाटावरून उचलली, पदराने पुसली आणि तिच्या पुढे धरली. "तुझ्या आईने धुळ्याहून विचारलं तर मी काय सांगू? खोटं मला येतं, पण तिच्यापुढे नाही येणार."

तिने ती गिळली. मी बॅटरी लावून तिचा घसा बघितला, गालाच्या आत दोन्हीकडे बघितलं, जिभेखाली बघितलं. शेवटी ती म्हणाली, "आई, दात मोजायचे राहिले." तेव्हा सोडली.

खाली उतरत होती तर उषाबाई खिडकीतून म्हणाली, "सांभाळीसन जाय वं, पोरी." आणि दुसऱ्या दिवशी नळावर गेले तर आमची बादली सगळ्यात पुढे. बादल्यांना परत पाय फुटले होते.

अहमदाबादची गाडी आली. ती आली तोपर्यंत चाळीच्या गोळ्यांनी वॉर्ड चालला. उज्ज्वला सांगायची, आमचा डबा तिथे ठेवला होता, आणि वाटप करायच्या आधी ते स्लीपरवाले डॉक्टर तो हलवून कानाला लावायचे आणि दमलेल्या आवाजात म्हणायचे, "फुटाणे." सगळ्यांना तेवढंच हसू.

मग एक दिवस डबा घरी परत आला, फडकं बांधलेला. उज्ज्वलाने तो पोरींपुढे ठेवला. "ओळखा."

हर्षदाने हलवला. आवाज नाही. उलटा केला. आवाज नाही. उषाबाईने हलवला, सुकलालने हलवला, त्याचं पोट तोपर्यंत बरं झालं होतं. छगनभाई म्हणाला, "खाली छे." रिकामा आहे म्हणे. मी म्हणलं, "हवा आहे. सरकारी." कोणालाच ओळखता आलं नाही, म्हणून उज्ज्वलाने जिंकल्यासारखं झाकण काढलं.

आत बँडेजच्या कापडाचे मास्क होते, कमलने हाताने शिवलेले. प्रत्येक पोरीला एक. आणि सगळ्यात वर दोन एवढेसे, बोटाएवढे. एक गुलाबाईला, एक गुलोजीला.

कोजागिरीला गुलाबाई सासरी निघाली ती मास्क लावून. गुलोजी पण तिच्या शेजारी, एकाच पाटावर. आता त्याला दूर बसवायची गरज नव्हती. लूम परत सुरू झाले होते, योगराज पारोळ्याहून आला होता, आणि आम्ही सगळी तापीवर गेलो. मूर्ती पाण्यात सोडली, माती विरघळली, पण ते दोन मास्क काही बुडाले नाहीत. तरंगत तरंगत हजिऱ्याच्या दिशेने गेले. तेव्हापासून तापीतले काही मासे तोंडाला फडकं बांधून फिरतात. मी स्वतः पाहिलेत.

"खोटं," हर्षदा म्हणते. आता ती स्वतः दोन पोरांची आई आहे, तरी म्हणते. "आई, सांग ना गं हिला. मासे कुठे मास्क लावतात का?"

परवा ती असं म्हणाली तेव्हा उज्ज्वला भाजी निवडत होती. तिने वर बघितलं, पालीकडे नाही, सरळ हर्षदाकडे.

"लावतात," ती म्हणाली. "एकाची नाडी सुटली होती. मीच बांधून दिली."

आणि ओठ असे घट्ट मिटले, की गाल फुगायला लागले.